गोजराबाईचं विचारणं

फार वर्षांपूर्वी, वेळूखिंड गावाला अजून गाडीवाट नव्हती तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात गोजराबाई नावाची कासारीण राहत होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती खोऱ्यातल्या सात गावांत फिरायची. तिचा हात इतका हलका, की झोपलेल्या बाईच्या हातात तिनं बांगड्या भरल्या तर त्या बाईला जाग आल्यावरच कळायचं, असं म्हणतात.

त्या काळी दर तीन-चार वर्षांनी खोऱ्यात देवीची साथ यायची. अंगभर फोड उठायचे. मोठी माणसं व्रण घेऊन उठायची, लहानगी बरीच उठायचीच नाहीत. गोजराबाईचे दोन मुलगे एका आठवड्यात गेले होते. त्यानंतर दहा वर्षं घर रिकामं राहिलं आणि मग ठकी झाली. तिचा बाप भिकोबा तिला अंगणाबाहेर पाऊल टाकू देत नसे.

ठकी दोन वर्षांची असताना गावात देवी टोचणारा आला. बाबाजी राणे त्याचं नाव, पण लोक त्याला टोच्याच म्हणत. टोच्या आला अशी हाकाटी झाली आणि आयांनी पोरं लपवली. कुणी कणगीत, कुणी वैरणीखाली, कुणी तर पाठीला बांधून थेट डोंगरावर नेली. राणे सकाळपासून चावडीवर बसला. एकही माणूस त्याच्याकडे फिरकलं नाही.

गोजराबाई फेरीवर निघाली होती. तिनं त्याला एकटं बसलेलं पाहिलं, टोपली उतरवली आणि समोर बसली.

"काय टोचता हो तुम्ही?"

राणे दचकला. अकरा वर्षं तो गावोगाव फिरत होता. लोकांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, दगड मारले होते, पण असं कुणी विचारलं नव्हतं.

"लस टोचतो, बाई."

"ती आणली कुठनं?"

"वासराच्या अंगावरून. त्याला हलकी देवी येते, त्यातून काढतात."

"वासराचं काय होतं?"

"काही नाही. चार दिवसांत उड्या मारतं."

"पोराला ताप येतो?"

"येतो. दोन दिवस. फोड धरतो, खपली पडते, व्रण राहतो."

"आणि काही वाईट झालं तर?"

राणेनं सुई बाजूला ठेवली. मग म्हणाला, "क्वचित हात फार सुजतो. क्वचित त्याहून वाईट होतं. होतच नाही असं मी सांगणार नाही. पण देवी जेवढी मुलं नेते, त्याच्या पासंगालाही ते पुरत नाही. आठव्या दिवशी मी परत येतो आणि प्रत्येक हात बघतो."

ती विचारत राहिली, तो सांगत राहिला. असं म्हणतात, की त्यांचं बोलणं संपेपर्यंत सूर्य चावडीवरच थांबून राहिला होता.

घरी येऊन तिनं भिकोबाला सगळं सांगितलं. तो उसळलाच.

"दोन गेली. आता हिला मी माझ्या हातानं सुईखाली देऊ?"

"दोन गेली तवा आपण काय केलं होतं, धनी?"

"काय न्हाय केलं. म्हणून तर दोष आपल्यावर न्हवता. हे केलं आन् काय झालं, तर मी जगू कसा?"

तीच भीती गोजराबाईलाही होती. ती एवढंच म्हणाली, "मला विचारायचं ते मी विचारलं. आता तुम्ही जाऊन विचारा."

भिकोबा चावडीवर गेला. त्यानं एकच विचारलं, "तुला पोरं हायेत?"

"तीन."

"टोचलीस?"

"माझ्याच हातानं. मग आठ दिवस त्यांच्या उशाशी बसून होतो."

भिकोबा घरी गेला, ठकीला कडेवर घेऊन आला आणि तिला मांडीवर धरून बसला.

ठकीला ताप आला. दोन दिवस नवराबायकोच्या घशाखाली घास उतरला नाही आणि सारं गाव दाराशी घुटमळलं. तिसऱ्या दिवशी पोर उठून भाकरी मागू लागली. आठव्या दिवशी राणे आला, तेव्हा अंगणात अकरा आया उभ्या होत्या.

पुढं गोजराबाई सातही गावांत त्याला बरोबर घेऊन गेली. ती बायांच्या हातात बांगड्या भरायची, बाया प्रश्न विचारायच्या, राणे उत्तरं द्यायचा. टोचून घे, असं ती कुणाला म्हणाली नाही. एवढंच म्हणायची, "विचार बाई, मनात ठेवू नको."

दुसऱ्या वर्षी चैत्रात साथ आली. भर दुपारी खिंडीत गोजराबाईला एक म्हातारी भेटली. पिवळं लुगडं, मळवट भरलेला, हातात कडुलिंबाची डहाळी. म्हणाली, "माझ्या हातात बांगड्या भर." गोजराबाईनं तिचा हात धरला तर तो तव्यासारखा तापलेला. एकेक बांगडी तडकू लागली. गोजराबाईनं हात सोडला नाही. फुंकर घालत घालत तिनं दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरले, तिचे स्वतःचे तळवे भाजले तरी.

म्हातारी खूश झाली. म्हणाली, "आता तुमची लेकरं बघते." ती घरोघर गेली. ज्या पोराचा दंड बघावा, त्यावर व्रण. शेवटी ती हसली. "इथं माझी खूण आधीच उमटलीय. म्हणजे मी येऊन गेलेच की!" आणि ती आल्या वाटेनं परत गेली. त्या साली सात गावांत देवीनं एकही मूल गेलं नाही, असं म्हणतात.

कुणी म्हणतं, म्हातारी वगैरे कुणी आलीच नव्हती, ती सारी लसीचीच करणी. असं म्हणणारेही गोजराबाईचं नाव निघालं की हात जोडतात.

ठकी नातवंडं-पतवंडं बघून गेली. देवीचा रोगही जगातून गेला. आता वेळूखिंडीच्या शाळेत नर्सबाई वेगळ्या लशी घेऊन येतात. पण तिथं सुई काढण्याआधी 'गोजराबाईचं विचारणं' होतं. आईबाप दोघांनी बाळाला घेऊन बसायचं आणि मनात असेल ते विचारायचं. कुणी हसायचं नाही, कुणी घाई करायची नाही आणि नर्सबाईंनी खरं तेच सांगायचं.

यंदा नव्या नर्सबाई आल्या होत्या. एका तरण्या बापानं त्यांना एकच प्रश्न तीनदा विचारला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग सभोवार शांत बसलेल्या बायांकडे पाहिलं, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि तिसऱ्यांदाही पहिल्यापासून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि लेकीचं झबलं दंडावरून हळूच वर सारलं.