कडजाईची शेवटची पायरी

घाटात गाडीवाट नव्हती, मिठाचे बैलही कड्याखालीच थांबत, त्या काळातली ही गोष्ट. माथ्यावर कडजाईचं ठाणं आणि चार घरं, पायथ्याला वाडी, आणि मधे ढग. त्या वाडीत भिवरा पाथरवटीण राहत असे.

तिची लेक सगुणा सात वर्षांची असताना तापाने त्या पोरीची दृष्टी गेली. तेव्हा भिवरा नवस बोलली, "आई कडजाई, कड्याला तीनशे साठ पायऱ्या बसवीन, माझ्या एकटीच्या हातांनी. माझ्या लेकीला उजेड दे." नवसाला परका हात लागला की तो फळत नाही, हे तिकडे सगळेच जाणत.

बारा वर्षं ढगांतून छिन्नीचा आवाज येत राहिला. दगड तिच्यामागून आपण होऊन चढत, असं म्हणतात. तिच्या खांद्यांवरचे घट्टे ज्यांनी पाहिले, त्यांनी मात्र तसं कधी म्हटलं नाही. दही विकणाऱ्या बाया त्या पायऱ्यांनी चढू लागल्या. "माउली, केवढे उपकार तुझे!" असं कुणी म्हटलं की ती फटकारत असे, "उपकार कसले? माझ्या पोरीसाठी करतेय. दगडाला हात लावू नका."

"बया गं! हिचं पुण्यसुद्धा कडीकुलपात!" म्हणून बाया हसत.

अखेर एकच पायरी उरली. तिथे वाट खचून एका माणसापुरती उरली होती आणि खाली दरी. घडवलेला दगड शेजारी तयार होता. एकटीने तो सरकवायला दिवस मावळला असता. सगुणा वरच्या अंगाला तोंड उजेडाकडे करून बसली होती. तेवढ्यात ढग खाली उतरला आणि त्यातून चार भोई डोली घेऊन वर आले. डोलीत अडलेली बाळंतीण होती, आणि सुईण माथ्यावर.

"म्हातारे, आम्ही हात लावतो, घटकेत बसेल," एक भोई म्हणाला.

भिवरा दगडावर पालथे हात ठेवून तशीच उभी राहिली.

"आई, कोण कण्हतंय गं?" सगुणाने विचारलं.

"कुणाची तरी लेक," भिवरा म्हणाली. मग तिने हात उचलले. "लावा."

दहा हातांनी दगड बसला. डोली त्यावरून ढगात गेली, आणि थोड्या वेळाने वरून तान्ह्याचं रडणं आलं.

त्याच क्षणी सगुणाला दिसू लागलं आणि तिने बारा वर्षांनी आईचे हात पाहिले, असं म्हणतात. तिला कधीच दिसलं नाही, असंही म्हणतात. पायऱ्या मोजत ती जन्मभर वाटसरूंना ढगातून पार नेत राहिली, कारण तिला ढगाची अडचण नव्हती.

बायांनी भिवराला विचारलं, "परक्या बाईसाठी नवस मोडलास?"

"तिच्यासाठी कुठला?" भिवरा म्हणाली. "ते कण्हणं माझ्याच्याने ऐकवेना. माझ्या जिवाला स्वस्थता हवी होती." ते खरं होतं की नाही, यावर वाडीत अजून वाद होतात.

पण तेव्हापासून कडजाईचा रिवाज पालटला. नवसाचा नारळ घेऊन आलेला माणूस आजही शेवटच्या पायरीवर थांबतो, आणि ढगातून कुणी अनोळखी वर आला की नारळ पुढे करून म्हणतो, "हात लावा." परका हात लागल्यावाचून तिथे नवस फळत नाही, असं म्हणतात.