खाऱ्या पायांची चांगू

"बुडालेल्या गावची पोर हाय ती. पाय खारे असणार तिचे. मी आधीच सांगत होते."

असं पदीबाई कुडाच्या पलीकडे शेजारणीला म्हणाली, आणि कुडाच्या अलीकडे तिची नवी सून चांगू पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन उभी होती. कूड कारवीचा. त्यातून वारा येतो, उजेड येतो, बोलणं तर येतंच. चांगूने खाली आपल्या पायांकडे बघितलं. पाय साधेच होते. उजव्या अंगठ्याला शिंपल्याचा जुना काप होता आणि लग्नाची हळद नखांच्या कडेला अजून पिवळी होती. तिने हंडा उतरवला आणि तांदूळ निवडायला बसली.

खाडीवर पूल नव्हता आणि भेंडखारच्या बांधाला एकही दगड लागलेला नव्हता, इतक्या मागची ही गोष्ट.

भेंडखारची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली. मधे मातीचा बांध नसता तर दिवसातून दोनदा भातात मासे फिरले असते. बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. पावसाचं गोडं पाणी ओहोटीला त्यातून बाहेर सोडायचं आणि भरती लागली की दार मिटून घ्यायचं. बांधापुढे, पाण्याच्या अंगाला, तिवरांचं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं, दाट रान होतं. ते कुणी लावलं नव्हतं, म्हणून ते कुणाचंच नव्हतं. समुद्र यायचा, तिवरांच्या मुळांतून गाळून निघायचा, अंगावरचा चिखल तिथेच टाकायचा आणि बांधापाशी येईपर्यंत दमून जायचा. तोच चिखल गाव उचलायचं आणि बांधाला लिंपायचं. त्याच चिखलात कोळंबी वाढायची, निवट्या मासोळ्या उड्या मारायच्या. समुद्र देत होता, तिवर धरत होतं, माणूस घेत होता. घेणाऱ्याला मात्र वाटायचं, की सगळं आपणच करतो.

गावची एक रीत होती. घरात नवी सून आली की तिने भांगाच्या दिवसांत, म्हणजे समुद्र सुस्त असतो तेव्हा, तिवरातून पाटीभर चिखल डोक्यावर आणायचा आणि बांधावर थापायचा. त्याला बांधाची ओटी म्हणत. चांगू आली तोवर पाटीची ताटली झाली होती आणि ताटलीची चिमूट. हळदीकुंकवाच्या शेजारी चिमूटभर माती, ती पण अंगणातली. चांगूने मात्र गोठ्यातली शेणाची पाटी धुतली आणि चिखलात उतरली. गुडघाभर रुतली, भरलेली पाटी घेऊन वर आली आणि बांधावर रिकामी केली.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं पोरी, बांध तुझ्या बापाचा हाय का?"

चांगू पण हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी घेऊन गेली. ती रोज गेली, असं म्हणतात.

तिच्या बापाचा बांध होता खरा. दूधखारला. तिथलं तिवर तोडून लोकांनी गुरांचे वाडे बांधले, मग दोन पावसाळ्यांत बांध गेला आणि तिसऱ्यात गाव. चांगू तेव्हा नऊ वर्षांची होती. गाव कसं बुडालं ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं. भेंडखारला तिला हे कुणी विचारलंच नाही. जो तो तिलाच सांगत होता, की दूधखारवर कोप झाला.

आता कोप कसा होतो ते ऐका.

चांगूचा सासरा धर्माजी हा बांधाचा कारभारी. बांधाला कुठे भोक पडलं, उघाडी कधी मिटायची, हे बघण्याचा मान त्याच्या घराण्याचा. त्या साली गावदेवीच्या देवळाला चुना हवा होता. धर्माजीने खाडीकाठी भट्टी लावली. शिंपले खाडीतले, जळण तिवराचं. चुना उतरला दुधासारखा. देऊळ पांढरं झालं. मग धर्माजीच्या मनात आलं, देवीचं घर पांढरं आणि कारभाऱ्याचं शेणाचं? त्याचं घर झालं. मग भावकीचं. मग प्रत्येकाला वाटू लागलं, की आपलीच भिंत तेवढी काळी दिसते. एका भट्टीच्या सात भट्ट्या झाल्या. गावातल्या पुरुषांचे हात चुन्याने उलले, भेगा पडल्या, पांढरे झाले, आणि ते हात ते मिरवू लागले. ज्याचा हात जास्त पांढरा, त्याचं घर मोठं.

चांगूचा नवरा गोमा वाईट नव्हता. तो एकदा तिला हळूच म्हणाला, "फार तोडतायत गं."

चांगूने त्याच्याकडे बघितलं.

"पण माझ्या बाला कोण सांगणार?" तो म्हणाला, आणि कोयता घेऊन गेला.

चांगूने सांगायचा प्रयत्न केला, तो असा. दर अमावस्येला लाट बांधावर जिथवर भिजवून जाई, तिथे ती काठी रोवायची आणि काठीला हळदीचा दोरा बांधायची. पहिला दोरा बांधाच्या पायथ्याशी होता. चौथा कमरेएवढ्या उंचीवर. समुद्र वाढला नव्हता. त्याला वाटेत अडवणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच. चौथ्या अमावस्येला तिने सासऱ्याचा रस्ता अडवला आणि बोट करून काठ्या दाखवल्या.

धर्माजी पोट धरून हसला. "बघा रे, सून समुद्राला गंडा बांधतेय! अगं, तिवर म्हणजे समुद्राचं गवत. आज कापलं, उद्या उगवलं."

म्हणून पावसाळ्यात तिवराच्या बिया गळल्या तेव्हा तिने त्या ओटीत वेचल्या आणि ओहोटीच्या चिखलात एकेक खोवल्या. हजार, असं म्हणतात. कुणी दहा हजारही म्हणतं. मोजायला बरोबर कुणी गेलं नव्हतं, हे मात्र नक्की. दोन-दोन पानं फुटली. मग दिवाळीनंतर शिंपले खणणारे आले आणि त्यांनी ती पानं फावड्याने चिखलात उलटी घातली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या मनात काहीच नव्हतं.

पुढच्या चैत्रात गावची विहीर मचूळ झाली. खारं पाणी जमिनीखालून आत सरकत होतं. पण जमिनीखाली कोण बघतो? सगळ्यांनी चांगूच्या पायांकडे बघितलं.

"खारे पाय विहिरीच्या पायरीवर पडले, दुसरं काय."

तिला विहीर बंद झाली. ती दूर टेकडीखालच्या झऱ्यावरून पाणी आणू लागली, आणि तिला शिवू नये म्हणणारी पदीबाई ते पाणी गटागटा पिऊ लागली. बायका म्हणाल्या, आता आणखी एक काही झालं की हिला माहेरी धाडा. चांगूने तेही कुडामागून ऐकलं आणि मनाशी म्हणाली, धाडा, पण ओहोटी बघून धाडा. भरतीला माझ्या माहेराचं छप्परसुद्धा दिसत नाही.

तिचा राग कुणाला दिसला नाही. जी सून ओरडत नाही ती सुखात आहे, असा भेंडखारचा समज होता.

मग श्रावणाची अमावस्या आली. उधाणाची भरती ऐन दुपारी लागायची होती. सकाळपासून वारा पश्चिमेचा, पाऊस आडवा, आणि भात कमरेएवढं झालेलं. मागच्या साली जिथे तिवर होतं तिथून लाटा सरळ चालत आल्या. पहिली लाट बांधाला लागली तेव्हा पांढऱ्या भिंतींवरचे आरसे हलले. पाचव्या लाटेला उघाडीच्या अंगाने बांध खचला आणि बैलगाडी जाईल एवढी खांड पडली.

गाव धावलं. लोकांनी खांडीत माती टाकली, पण माती होती कुठे? तिवर गेलं तसा चिखलही गेला होता. उरली होती वाळू, ती टाकताक्षणी विरघळत होती. मग भाताच्या कणग्या टाकल्या. मग दारं टाकली. मग धर्माजीने देवीच्या नावाने नारळ टाकला, तो समुद्राने वाहून त्याच्याच पायाशी परत आणला.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, "समुद्राचं माणूस समुद्राला द्या."

नाव घ्यावं लागलं नाही. सगळ्यांच्या माना वळल्या. पदीबाईने सुनेकडे बघितलं, गोमाने खाली बघितलं. आणि धर्माजी, ज्याच्या घरात ती दीड वर्ष झऱ्याचं पाणी भरत होती, तो बाजूला सरकला. तिला वाट करून दिली.

चांगू त्या वाटेने चालत गेली. पदर खोचला आणि खांडीत उतरली. लोकांना वाटलं, आता ही समुद्राकडे तोंड करून हात जोडेल. तिने समुद्राकडे पाठ केली. गावाकडे तोंड केलं.

आणि पाणी थांबलं, असं म्हणतात. तिच्या पाठीला टेकून थांबलं. मागे लाटेवर लाट चढत गेली, माडाच्या उंचीची हिरवी भिंत झाली, भिंतीत मासे दिसत होते. पण एक थेंब तिच्या खांद्यावरून पुढे आला नाही. समुद्रालासुद्धा ऐकायचं होतं. दीड वर्षात गावाने तिचा आवाज ऐकला नव्हता. बऱ्याच जणांना ती मुकी वाटत होती.

ती बोलली. ओरडली नाही. एकच वाक्य बोलली, आणि एवढ्या वाऱ्यात ते शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

आधी गोमा उतरला. खांडीच्या आतल्या अंगाला तळात नखांनी खणून, खोल उरलेला काळा चिखल त्याने ओंजळीने वर काढला. मग त्याचे भाऊ उतरले, मग भट्टीवाले. सगळ्यात शेवटी धर्माजी. ओहोटी लागेपर्यंत खांड भरली. समुद्राने तिच्या पाठीवरचा भार हळूच काढून घेतला आणि तो मागे गेला.

पुढे चांगूचं काय झालं? लोक म्हणतात, ती तिथेच तिवर झाली, उघाडीच्या उजव्या अंगाचं सर्वांत जुनं झाड ते तीच. गावातल्या म्हाताऱ्या बायका मात्र वेगळं सांगतात. ती घरी गेली, चिखलाचे पाय घेऊन चुन्याच्या ओटीवर चढली, जेवली, आणि पुढे साठ वर्षं बांधाची कारभारीण होती. पुरुषांना बाई झाड झालेली बरी वाटते. झाड दुसऱ्यांदा बोलत नाही.

भेंडखारला अजून घरांना चुना लावत नाहीत. तिवराला कोयता लावला तर त्या घरची विहीर वर्षभर बंद. श्रावणाच्या अमावस्येला ऐन दुपारी सगळं गाव बांधावर जमतं, आणि त्या साली सर्वांत शेवटी आलेली सून उघाडीवर उभी राहते, समुद्राकडे पाठ करून. घरोघरचे पुरुष, सासऱ्यासकट, तिच्यापुढे रांगेने येतात. ज्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले नाहीत त्याला त्या दिवशी जेवण नाही. काही जण हसत येतात. मग ती नवी पोर, जिचा आवाज सासरी अजून नीटसा कुणी ऐकलेला नसतो, चांगू त्या दिवशी खांडीत उभी राहून बोलली तेच वाक्य त्यांना ऐकवते:

"माझे पाय बघून झाले असतील, तर आता तुमचे हात दाखवा."