खोलाईची नथ

या, बसा. एकवीस पायऱ्या उतरलात, जरा दम घ्या. इतर देवांना चढून जावं लागतं, आमच्या खोलाईला उतरून यावं लागतं. मागे दोघे जण कानाला लावायचं यंत्र घेऊन आले होते, जमिनीतलं सोनं कुठे वाजतं ते बघायला. त्यांनाही हेच सांगितलं, बाबांनो, इथे वाजायचं ते कधीच वाजून गेलं.

ही देवी आधी वर माळावर होती. माळाई म्हणत तिला. तिच्या गावात तुळबा झारेकरी राहायचा, त्याची बायको येसू आणि एक लेक. सोनारांच्या दुकानातली धूळ झाडून न्यायची, नदीवर काथवटीत धुवायची, तळाशी राहील तो सोन्याचा कण आपला, असा त्यांचा धंदा.

एका साली पेंढारी आले म्हणे. भैरू गुरवाने देवीची नथ घाईघाईने लपवली आणि परत येताना भाला लागून पडला. जीव जाताना एवढंच बोलला, "आईच्या पायाशी ठेवलीय."

पेंढारी गेले. गावाने मूर्ती उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी खणायला घेतलं. एक पुरुष खोल खणलं, दोन पुरुष खोल खणलं. नथ नाही. नथीवाचून जत्रा नाही. मग मातीचा जाणता म्हणून तुळबाला बोलावलं. तो खाली उतरला, ओंजळभर माती हातात घेतली, आणि वरून कड कोसळली.

त्याचं प्रेत बाहेर काढल्यावर लोकांनी आधी त्याची कंबर चाचपली.

"गावली असणार याला. झारेकऱ्याची बोटं ती, कुठंही दडवतील!"

येसू उभी राहून बघत होती. ती रडली नाही, असं सांगतात. त्या दिवसापासून भाकरी अळणी आहे की खारट, हेही तिला कळेनासं झालं.

पाटील म्हणाला, "येसू, या खड्ड्याची सगळी माती धू. नथ निघाली तर तुझा नवरा चोरीच्या आळातून सुटला. नाही निघाली तर त्यानंच घेतली म्हणायची, मग लेकीला घेऊन गाव सोडायचं."

ती धुवायला बसली. पाटीभर माती नदीवर न्यायची, काथवट फिरवायची, गाळ सोडायचा, पुन्हा चढायचं. दोन वर्षं. बोटं पाण्यात भिजून पांढरी पडली, काटा रुतला तरी समजेना. नवऱ्याचा चेहरासुद्धा तिला नीट आठवेना. काथवट फिरवताना हलायचं ते त्याचं कोपर तेवढं आठवायचं.

ढिगाऱ्यातल्या सात पाट्या उरल्या, तेव्हा भैरूची बहीण कोंडाआत्या धुणं घेऊन नदीवर आली. ठार बहिरी. तिला गावातलं कुणी काही सांगायच्या फंदात पडत नसे.

"काय गं धुंडतीस एवढी?"

येसू दोन वर्षांत पहिल्यांदा ओरडली, "नथ! भैरूदादा म्हणाले, आईच्या पायाशी ठेवलीय!"

"हळू बोल, मी काय बहिरी आहे?" म्हातारी म्हणाली. मग थांबली. "आईच्या? मग देवीखाली कशाला खणलं, मेल्यांनो? आम्ही गुरव. रोज तिला न्हाऊ घालतो, लुगडं नेसवतो. लेक ती आमची. भैरू तिला 'बाय' म्हणायचा. आई ती आमची, चिंचेखाली पुरलेली."

येसू धावली नाही. उरलेल्या सात पाट्या तिने आधी धुतल्या. मग पाटलाला आणि चार माणसांना घेऊन चिंचेखाली गेली. गुरवाच्या आईच्या समाधीवर दगडात दोन पावलं कोरलेली होती. त्यांच्यापुढची माती तिने हाताने उकरली. वीतभर खाली चुन्याची डबी लागली. डबीत नथ.

पाटलाची मान खाली गेली. "धुळीतलं ते झारेकऱ्याचं, ही गावाची रीत. बोल बाई, नथ तुझी. नाहीतर बदल्यात काय हवं ते माग."

"नथ देवीची," येसू म्हणाली. "तिला आता वर नेऊ नका. हे पडले तिथेच बसवा. आणि माती मी धुतली, यांचं नाव तुम्ही धुवा. माझ्या तोंडून ते निघायचं नाही. तुम्ही घ्या. दर जत्रेला, मोठ्यानं, सगळ्या गावादेखत."

त्या सांजेला तिने भाकरीबरोबर मीठ मागून घेतलं म्हणतात.

सोनारआळीची धूळ गावाने येसूच्या घराला कायमची लावून दिली. लेकीला घरजावई मिळाला, घर भरलं, नातवंडांनी पुढे त्याच आळीत स्वतःची पेढी मांडली. आजही चैत्राच्या जत्रेला पाटलांच्या घरचा कर्ता माणूस अनवाणी इथे उतरतो आणि तीनदा ओरडून सांगतो, "तुळबानं नथ घेतली नव्हती!" त्यानंतरच येसूच्या वंशातली लेक पुढे होते आणि आपल्या हाताने देवीला नथ घालते.