पिनीवरचा काळा पट्टा

एकदा एक कारागीर आपल्या लेथवर काम करीत असता त्याला त्याचे गुरू गेल्याची बातमी आली. दिवस अगदी साधा होता. बाजाराचा नव्हता, सणाचाही नव्हता. सकाळी वीज वेळेवर आली होती, चहावाला नेहमीच्या जागी ग्लास ठेवून गेला होता, आणि लेथवर एका जुन्या ट्रॅक्टरच्या पितळी बुशला, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या आखूड नळीला, आतून कट लागला होता. फोनवर गुरूंची मुलगी होती.

"दादा, अप्पा गेले," एवढेच ती म्हणाली.

"आलोच," एवढेच तो म्हणाला.

कट अर्ध्यावर सोडला तर आत कड राहते, म्हणून त्याने तो पुरा केला. मग मशीन बंद केली, हात पुसले, दार ओढून घेतले. ग्लासातला चहा तसाच राहिला.

अप्पा हे जुन्या ट्रॅक्टरांचे मिस्त्री. ज्या ट्रॅक्टरांचे कारखाने केव्हाच बंद पडले, ज्यांचा सुटा भाग आता कोणत्याही दुकानात खात्रीने मिळत नाही, असे ट्रॅक्टर पंचक्रोशीतून त्यांच्या दारी येत. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक भागाच्या टोकाला ते अणकुचीदार पोलादी पंच ठेवून हातोडीचा एक हलका ठोका देत. मोहरीएवढे टिंब उमटे. शेतकरी भाग हातात घेतला की आधी अंगठ्याने ते टिंब चाचपत. लागले की पुढे काही विचारत नसत.

अप्पांच्या घरी माणसे जमली. जाणाऱ्याविषयी बोलतात तशी बोलू लागली.

"शेवटी शेवटी ओळखत नव्हते हो कुणाला."

"मला दोनदा विचारलं, तू कुणाचा म्हणून. मी त्यांचा सख्खा पुतण्या."

"हातात पाना धरून पाना शोधत बसायचे. सुटले म्हणायचं."

कोणाच्याही मनात वाईट नव्हते. जे अखेरचे पाहिले तेच प्रत्येकाच्या हाताशी होते. ज्यांच्या घरातले माणूस गेले आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको.

सगळे उठून गेल्यावर मुलगी शिष्याजवळ येऊन बसली. वर्षभर तिनेच वडिलांना भरवले होते, उठवले-बसवले होते.

"दादा, मला एकच भीती वाटते," ती म्हणाली. "डोळे मिटले की गेल्या वर्षातले अप्पा दिसतात. लाळ पुसताना मान वळवायचे ना, तेच. त्याआधीचे आठवायला गेलं तर काही हाती लागत नाही. माझ्याकडे एवढंच उरणार का?"

शिष्य चाळिशी ओलांडलेला, मितभाषी माणूस. सांत्वनाचे शब्द त्याला येत नव्हते. तो म्हणाला, "त्या शंभर पिनांची गोष्ट अप्पांनी तुला कधी सांगितली का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग ऐक. माझीच फजिती आहे."

गोष्ट अशी. बारा वर्षे अप्पांच्या हाताखाली काढल्यावर या शिष्याला स्वतःचा लेथ टाकण्याची इच्छा झाली. अप्पांनी सांगितले होते, "तुझ्या हातचा भाग ज्या दिवशी न बोलता जागेवर बसेल, त्या दिवशी हा पंच तुझा." शिष्याचे सारे चित्त त्या पंचावर होते. टिंब मारण्याचा अधिकार मिळाला तर तो कारागीर. नाहीतर बारा वर्षांनंतरही हाताखालचा माणूस.

त्याच सुमारास सुट्या भागांचा एक व्यापारी आला. जुन्या ट्रॅक्टरचे पुढचे चाक ज्या पोलादी पिनीवर वळते, त्या पिनीला फार मागणी होती. बाहेरून येणाऱ्या नकली पिना दिसायला देखण्या, तेलकट कागदात गुंडाळून खोक्यातून आलेल्या असत. पण त्यांना पाणी नीट दिलेले नसे, पोलाद मऊच राहिलेले असे. अप्पा त्यांवर कानस फिरवत आणि कानस घसरण्याऐवजी लोण्यात सुरी जावी तशी रुतत असे. "खोकं मजबूत आहे," असे म्हणून ते पिन परत देत.

व्यापारी म्हणाला, "अप्पा, शंभर पिना तुमच्याकडूनच करून द्या. टिंब मात्र पाहिजे."

अप्पांनी शिष्याकडे बोट दाखवले. "हा करेल. बसली तर टिंब."

शिष्याला नमुना हवा होता. मूळ नकाशे तर कोणाकडेच नव्हते. त्याने गावातल्या कोणाच्या ट्रॅक्टरची पिन काढली नाही. अप्पांच्या स्वतःच्या ट्रॅक्टरची उजव्या बाजूची काढली. दोन्ही टोकांना, जिथे ती बुशमध्ये फिरते तिथे, ती आरशासारखी चकाकत होती. अप्पांनी चाळीस वर्षे दर आठवड्याला ग्रीस दिलेली पिन. तिच्यात झीज असेल ही शंका शिष्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. त्याने चकाकत्या जागी मायक्रोमीटर लावला, माप घेतले, आणि महिनाभर खपून त्या मापाच्या शंभर पिना केल्या. एकीतही दुसरीहून केसभर फरक नव्हता.

व्यापारी माल न्यायला आला त्या दिवशी अप्पांनी एक पिन उचलली. कानस फिरवली, कानस काचेवरून जावी तशी निसटली. "पाणी सुरेख दिलंयस," ते म्हणाले. शिष्याचा ऊर भरून आला. मग अप्पांनी फळीवरून एक कोरा बुश काढला. कंपनी चालू होती तेव्हाचा, जपून ठेवलेला. त्यात पिन घातली आणि टोक धरून हलवले.

पिन हलली. टक, टक, असा बारीक आवाज आला.

शिष्याने पिन बदलली. तीही हलली. तिसरी हलली.

व्यापारी अनुभवी होता. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? बुशही आपणच करू, या पिनीला घट्ट बसेल असा. जोडी म्हणून विकू. तक्रारच नको."

"आणि ज्याच्या घरी जुना चांगला बुश आहे त्यानं काय करायचं, शेठ?" अप्पा म्हणाले. "आपली चूक त्याच्या गळ्यात बांधायची? उद्या त्याला दुसऱ्या कुणाचीच पिन चालणार नाही."

"अहो अप्पा, पन्नास वर्षांची गाडी ती. म्हातारीला काय नव्या नवरीसारखं नटवायचंय?"

"नटवू नका. पण म्हातारीच्या हातात काठी देताना हलणारी देता का? उसाची ट्रॉली लावून ओढ्याच्या उतारावर चाक डगमगलं की काठीची आठवण होईल."

व्यापारी नुसता हसला. शिष्य मात्र तिथेच खिळला होता. "अप्पा, मी तुमच्या पिनीचं माप घेतलं," तो म्हणाला. "स्वतःचं काही घातलं नाही. तंतोतंत उतरवलं."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिले. आणि पिनीविषयी काहीच न बोलता ते म्हणाले, "जरा दारापर्यंत जाऊन ये."

"कशाला?"

"जाऊन ये म्हटलं ना. दोन पावलं चालायला काय होतं?"

शिष्य दारापर्यंत गेला आणि परत आला. व्यापारी पाहत राहिला, त्याला काही कळेना. अप्पा म्हणाले, "पुन्हा जा." शिष्य पुन्हा गेला. या वेळी व्यापाऱ्याच्या लक्षात आले आणि तो तोंडावर रुमाल धरून हसू लागला. शिष्य डावा पाय किंचित ओढत, डावा खांदा खाली टाकून चालत होता. हुबेहूब अप्पांसारखा.

"माझा पाय जॅक सरकला तेव्हापासून असा आहे," अप्पा शांतपणे म्हणाले. "तीस वर्षं झाली. तुझ्या पायाला काय झालं?"

शिष्याने आपल्या पायाकडे पाहिले. त्याच्या पायाला काहीही झालेले नव्हते.

मग अप्पांनी ती मूळची जुनी पिन मागून घेतली. रॉकेलच्या डब्यात बुडवली आणि धोतराच्या चिंधीने तिचा मधला भाग पुसू लागले. त्या भागावर वर्षानुवर्षांचे वाळलेले ग्रीस आणि धूळ यांचा काळा थर बसला होता. शिष्याने घाण म्हणून तो तसाच सोडला होता. "कागद नको, कानस नको," अप्पा स्वतःशीच पुटपुटत होते. "खरवडलं तर तीही झीजच." बराच वेळ ते पुसत राहिले. अखेर थर गेला आणि बोटभर रुंदीचा एक मंद, काळसर पट्टा दिसू लागला. अप्पांनी तिथे मायक्रोमीटर लावून शिष्यापुढे धरला. चकाकत्या जागेपेक्षा तिथे पिन तीन केसांनी जाड होती.

"हा पट्टा दोन बुशांच्या मधे राहतो," अप्पा म्हणाले. "इथं कधी काही घासलं नाही. अरे, पिनीनं जिथं आयुष्यभर ओझं पेललं तिथं ती झिजली. त्यात तिला कमीपणा नाही. झीज म्हणजे तिच्यावर पडलेल्या भाराची खूण. पण तिचं माप ते नाही. घडवणाऱ्याच्या मनात कोणतं माप होतं हे जाणायचं असेल तर जिथं भार पोचला नाही तिथं विचारावं. ती जागा चकाकत नाही. काळी असते, चिकट असते, म्हणून कुणी हात लावत नाही. तू माझ्यावर भक्ती ठेवलीस आणि माझी झीज उतरवून घेतलीस, पिनीतही आणि पायातही. माझं काम घे, बाबा. लंगडणं माझं मला राहू दे."

व्यापाऱ्याने रुमाल खिशात ठेवला. "मग या शंभरांचं काय?"

"कापून गेलेलं लोखंड परत येत नाही," अप्पा म्हणाले. "यांना ट्रॉली जोडायला द्या. तिथं पिन सैलच लागते. वाया काही जात नाही, जागा चुकते एवढंच."

शिष्याने नव्याने शंभर पिना केल्या. पहिली पिन कोऱ्या बुशमध्ये घातली तेव्हा ती अंगच्या भाराने, सावकाश, तेल सोडत आत उतरली आणि हलवून हलली नाही. अप्पांनी कानाजवळ नेऊन पाहिले. आवाज नव्हता. त्यांनी पंच शिष्याच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसले. पहिले टिंब त्याने त्या पिनीवर मारले आणि ती अप्पांच्याच ट्रॅक्टरला, उजव्या बाजूला बसवली. बाहेरून अप्पा म्हणाले, "डावीकडची सवडीनं कर. लोकांचं आधी."

एवढे सांगून शिष्य थांबला. अंगणात अप्पांची नेहमीची खुर्ची रिकामी होती. टोपी खुंटीला होती. मुलगी म्हणाली,

"दादा, औषधाची वाटी असते ना स्टीलची. गेल्या महिन्यात त्यांना माझं नाव येत नव्हतं. मला ताई म्हणायचे, कधी आई म्हणायचे. पण वाटी हातात दिली की औषध घेण्याआधी काठावरून अंगठा फिरवायचे. गोल, पूर्ण. एकदा थांबले आणि मला म्हणाले, 'इथं कड लागतेय. लेकराचा ओठ कापेल. कानस मार.' मला वाटलं, भ्रमात बोलतायत. मी हो हो म्हटलं आणि वाटी विसळून ठेवली."

ती उठली, आत जाऊन ती वाटी घेऊन आली, आणि तिने स्वतः काठावरून अंगठा फिरवला. एका जागी थांबली. वाटी शिष्यापुढे केली. त्यानेही अंगठा फिरवला.

"आहे," तो म्हणाला. "अगदी बारीक आहे. मला कळली नसती."

तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण वर्षभरात प्रथमच ती हसली. "म्हणजे तेच होते," ती म्हणाली. "अख्खा वेळ तेच होते." आणि मग तिला आठवू लागले: लहानपणी तिच्या पाटीच्या पत्र्याच्या कोपऱ्यांना त्यांनी कानस मारली होती, शाळेतल्या दुसऱ्या मुलींच्या पाट्याही मागवून घेतल्या होत्या, आणि गुरुजींनी विचारले तेव्हा म्हणाले होते, "पोरींची बोटं आहेत हो, लोखंडाला काय कळतंय." ती सांगत गेली आणि शिष्य ऐकत गेला. निघताना त्याने ती वाटी खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी कड काढून परत आणून दिली. टिंब मारले नाही. ते काम त्याचे नव्हते, अप्पांचे होते.

गेलेल्या माणसाचे माप अखेरच्या वर्षावरून घेऊ नये. थोडे पुसत बसावे लागते, पट्टा सापडतो.

अप्पांचा ट्रॅक्टर अजून शेडमध्ये आहे. महिन्यातून एकदा शिष्य जाऊन तो चालू करतो, दहा मिनिटे चालवतो, ग्रीस देतो. उजवीकडची पिन नवी आहे. डावीकडची करायची राहिली आहे.