राजाच्या शेतातली पेंढ्याची गाठ

सिंहलद्वीपावर कनकाभय नावाच्या राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व ढोल वाजवणाऱ्या एका कुळात जन्माला आला. त्याचे नाव सीवल. हे कूळ हलके मानले जाई. राजाशी बोलायची वेळ आलीच, तर या कुळातल्या माणसाने मातीकडे पाहत बोलावे अशी रीत होती.

त्या बेटावर सगळी जमीन राजाची असे. राजा ती विकत नसे आणि फुकटही देत नसे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक सेवा जोडलेली होती. कुंभार राजवाड्याला मडकी पुरवी आणि त्याबदल्यात आपले भाताचे खाचर कसत असे. माहूत हत्ती सांभाळी. सीवलाचे घर ढोल वाजवून गावाला राजाच्या कामावर बोलावी. गावाच्या मधोमध राजाचे स्वतःचे मोठे शेत होते. ते सर्वांनी मिळून, मजुरी न घेता, आधी नांगरायचे आणि मगच आपल्या खाचरात पाय ठेवायचा. ज्याची सेवा थांबली त्याची जमीन गेली, हा नियम लहान पोरांनाही ठाऊक होता.

गावात उक्कुराल नावाचा माणूस होता. तलावाचा बांध राखणे ही त्याची सेवा. बांधाला पाझर लागला आहे असे त्याने तीनदा कळवले होते. सीवलाने तीनदा इशाऱ्याचा ढोल वाजवला होता. कोणी आले नाही. चौथ्या वेळी बांध फुटला आणि उक्कुराल त्या लोंढ्यात वाहून गेला. पुढे साऱ्या गावाने खपून बांध पुन्हा घातला. उक्कुरालाच्या मागे त्याची बायको रणमाली आणि दोन मुली उरल्या.

नांगरटीच्या आदल्या दिवशी गावचा कारभारी बंडार पिंपळाच्या पारावर बसला आणि म्हणाला, "उक्कुरालाच्या घरात आता सेवेला पुरुष नाही. त्याचे खाचर मी माझ्या पुतण्याला देतो. उद्या तो नांगर घालील."

रणमाली पुढे आली. तिच्या पदराला अजून बांधावरची माती होती.

"सेवा मी करीन," ती म्हणाली. "बारा वर्षे टोपल्या मीच वाहिल्या. कामाची हाक त्याच्या नावाने व्हायची, एवढेच."

"बाईच्या नावाने हाक मारली तर बांधाला पाझर फुटेल," कारभारी म्हणाला. पारावरचे दोघेतिघे हसले.

"बांध तर पुरुषाच्या नावावर असतानाच फुटला, मामा."

हसणे थांबले. पारावर गावातले सात वृद्ध बसले होते. रणमालीच्या टोपल्या त्यांनी बारा वर्षे डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एकाने घसा साफ केला, दुसऱ्याने विड्याचे पान चुरगळले. बोलले कोणीच नाही.

त्या गावात शेताच्या वादाची एक जुनी रीत होती. ज्याच्यावर अन्याय होत असेल त्याने शेतात काठी रोवावी, तिला पेंढ्याची गाठ बांधावी आणि मोठ्याने म्हणावे, 'राजाची आण आहे, निवाडा होईपर्यंत इथे नांगर घालू नये.' मग ते शेत कोणीही नांगरत नसे. ती गाठ उपटणे म्हणजे राजाची आज्ञा मोडणे.

रणमालीने त्याच दुपारी आपल्या खाचरात काठी रोवली. संध्याकाळ व्हायच्या आत कारभाऱ्याने ती उपटून शेताच्या बांधावर फेकली. "जिच्या नावाने हाक होत नाही तिची गाठ कसली?" तो म्हणाला.

सीवलाने ती काठी बांधावर पडलेली पाहिली. तो रणमालीच्या दारात गेला. ती चूल न पेटवता बसली होती.

"अक्का, तुझी ती काठी मी घेऊ?"

"कशाला? तुझी जमीन शाबूत आहे. उगाच यात पडू नकोस."

"माझ्या नावाने हाक होते," सीवल म्हणाला. "माझी गाठ त्याला उपटता येणार नाही."

सकाळी त्याने ढोल वाजवला. गाव रेड्यांच्या जोड्या घेऊन राजाच्या शेताशी जमले. तेव्हा सीवल ढोल गळ्यात तसाच ठेवून चिखलात उतरला. शेताच्या मधोमध, थेट राजाच्या जमिनीत, त्याने ती काठी रोवली आणि गाठ बांधली. "राजाची आण आहे," तो म्हणाला, "निवाडा होईपर्यंत इथे नांगर घालू नये."

रेडे थांबले. माणसेही थांबली.

सीवलाचा आजोबा काठी टेकत धावत आला. "अरे, वेड लागले का तुला? राजाच्या शेतात राजाचीच आण? आपली जमीन जाईल! तिचा नवरा मेला, त्यात आपण काय करणार?"

"आजोबा, तीनदा ढोल मी वाजवला होता. तुम्ही ऐकला होता."

"ऐकला. सगळ्यांनी ऐकला. म्हणून काय झाले?"

"म्हणूनच," सीवल म्हणाला आणि काठीजवळ उभा राहिला.

कारभारी ओरडला, शिव्या दिल्या, पण शेतात उतरला नाही. विधवेच्या खाचरातली गाठ उपटणे वेगळे होते. साऱ्या गावादेखत राजाच्या शेतातून राजाची आण उपटायला त्याचा हात धजेना. तलावाचे पाणी सोडलेले होते, चिखल तयार होता, आणि राजाचे शेत नांगरल्याशिवाय कोणालाच आपले नांगरता येत नव्हते. एक दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ही बातमी ऐकून राजा स्वतः हत्तीवरून आला.

"माझ्या शेतावर कोण दावा सांगतो?" राजाने विचारले.

सीवल रीतीप्रमाणे मातीकडे पाहत पुढे झाला. वृद्धांच्या तोंडून भीतीचा एक उद्गार निघाला.

"मी, महाराज. या बेटावर सेवेवाचून जमीन नाही. माझी सेवा ढोल. कुंभाराची मडकी. आपली सेवा रक्षण. बांधाच्या पाझराचा ढोल तीनदा वाजला आणि रक्षण आले नाही. ज्याची सेवा चुकली त्याची जमीन जाते. कारभारी म्हणतात, रणमालीची गेली. तो नियम खरा असेल तर हे शेतही गेले."

कारभारी पुढे धावला. "महाराज, या नीचाची जीभ..."

"तू थांब," राजा म्हणाला. "तिने गाठ बांधली होती का?"

कारभारी एक पाऊल मागे सरला. राजा वृद्धांकडे वळला. "बांधली होती का?"

सातही जण मातीकडे पाहू लागले.

"बांधली होती," रणमाली म्हणाली. "यांनी उपटली. महाराज, मला दया नको. हाक माझ्या नावाने मारा. मी हजर राहीन."

राजाने हत्ती बसवायला सांगितला. मग तो हत्तीवरून उतरला, गुडघाभर चिखलातून चालत गेला आणि स्वतःच्या हाताने त्याने ती काठी काढली.

"खाचर तिचे," तो म्हणाला. "हाक तिच्या नावाने होईल. ज्याने माझी आण उपटली तो आजपासून कारभारी नाही. आणि तू, ढोलवाल्या, राजाला त्याच्या शेतात उभे करून जाब विचारलास. तुझी जमीन मी काढून घेतो."

आजोबाने राजापुढे हात जोडले. सीवलाने गळ्यातला ढोल काढून राजाच्या पायाशी ठेवला.

"घ्या, महाराज. जमिनीबरोबर सेवाही जाते. आता मी आपले काही देणे लागत नाही. आपल्याकडे पाहून बोलायला मोकळा झालो."

आणि तो राजाकडे सरळ पाहत उभा राहिला. राजानेच आधी नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला नाही. नव्या कारभाऱ्याने पारावर उभे राहून तोंडाने हाक मारली, "रणमाली!" तिने टोपली उचलली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "हजर!" सीवल तेव्हा खांद्यावर एक चटई टाकून नदीपलीकडच्या रानात निघाला होता. तिथली जमीन कोणाचीच नव्हती, आणि ती त्याने आपल्या हाताने साफ केली.

कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा कारभारी आज देवदत्त आहे. राजा आज आपला भिक्षू आनंद आहे. रणमाली ही आपली भिक्षुणी उत्पलवर्णा. सीवल मी होतो."

एका ज्येष्ठ भिक्षूने हात जोडून विचारले, "भंते, ही क्षांती पारमितेची, सहनशीलतेची, कथा ना?"

"नाही," शास्ते म्हणाले. "क्षांती ते सात वृद्ध करीत होते, असे त्यांना वाटत होते. ही अधिष्ठानाची कथा आहे. जिथे उभे राहायचे ठरवले, तिथून हलायचे नाही."