खिळ्यावरची बांगडी

“बातमी आली तेव्हा काय करत होतास?” हुसेनबाबांनी विचारलं.

“चहा पीत होतो,” दिगंबर म्हणाला. “शुक्रवार होता. बायका शेडमध्ये काम करत होत्या, रेडिओ चालू होता. मुंबईच्या दलालाचा फोन आला. आफ्रिकेतून येणारी काजू बी बंद. तिकडच्या सरकारने ठरवलंय, कच्ची बी बाहेर पाठवायची नाही. तिथेच फोडायची आणि गर विकायचा.”

“मग?”

“मग काय? चहा संपवला.”

खाडीच्या तोंडाशी असलेल्या दर्ग्यात बाबा एकटेच राहत. दिगंबर खवणेकर कित्येक वर्षं दर गुरुवारी त्यांच्यापाशी येऊन बसायचा. गावात त्याचा काजूचा कारखाना होता, आणि जगाचा बाजार आपल्याला कळतो असं त्याला वाटायचं.

“बाबा, मला एवढंच सांगा. ही जगभरची देवघेव चांगली की वाईट?”

“तिकडची बी पहिल्यांदा आली, तेव्हा तू पेढे आणले होतेस.”

“आणले होते. आपल्याकडची बी उन्हाळ्यानंतर संपते. ती आली म्हणून शेड बारा महिने चालली. बायकांच्या घरी गॅस आला. मुली कॉलेजात गेल्या.”

“आणि तुझा चुलतभाऊ?”

“त्याच्या बागेतल्या बीचा भाव पडला. मी त्याला म्हटलं होतं, बाजार आहे.”

“आता तो काय म्हणतो?”

“हसतो. ‘दिगू, बाजार आहे,’ म्हणतो.”

बाबाही हसले. दिगंबर हसला नाही.

“आणि काजूचं झाडच मुळात परदेशी, असं काही सांगू नका. ते मला ठाऊक आहे.”

“मी कुठे काही बोललो?”

खाली खाडीला भरती लागली होती. बांधलेल्या होड्या एकमेकींवर हलकेच आपटत होत्या...

“काल दलालाचा पुन्हा फोन आला,” दिगंबर म्हणाला. “तिकडे नवी शेड उभी राहिलीय. बायका कामाला घेतल्यात, पण हात बसलेला नाही कुणाचा. गराचे तुकडे होतात. मला विचारतात, येऊन शिकवाल का? जायचा-यायचा खर्च त्यांचा.”

“काय म्हणालास?”

“फोन ठेवून दिला. माझी चूल विझवून त्यांची पेटवायला जाऊ? शेड कुमुदने उभी केली होती, बाबा. मी नुसता मालक.”

कुमुद म्हणजे त्याची बायको. गेल्या आषाढात ती वारली.

बाबांनी शेजारच्या दिव्याची वात पुढे सारली.

“सोमवारी कुलूप लावलं,” दिगंबर म्हणाला. “आत आता खिळे तेवढे राहिलेत.”

काजू फोडताना टरफलातला चीक उडतो. कातडी जळते. बांगडीखाली गेला तर जखम लवकर भरत नाही. म्हणून कुमुदने शेडच्या भिंतीवर प्रत्येकीच्या नावाचा एक खिळा ठोकून घेतला होता. आल्यावर बांगड्या उतरवून त्यावर अडकवायच्या, जाताना घालायच्या. बायका आधी कुरकुरल्या. नवरा जिवंत असताना हात मोकळे करायचे? तेव्हा कुमुदने सगळ्यांसमोर पहिल्यांदा स्वतःच्या उतरवल्या. मग खोबरेलात राख कालवून एकेकीच्या हातांना चोपडली.

“सगळ्या आपापल्या घेऊन गेल्या,” दिगंबर म्हणाला. “दोन खिळ्यांवर मात्र होत्या.”

“एक कुमुदचा.”

दिगंबरने मान हलवली.

“तिला शेडमधूनच दवाखान्यात नेलं. संध्याकाळी येऊन घालते, म्हणाली होती... मी त्या काढल्या नाहीत.”

“राहू देत. आणि दुसरा?”

दिगंबरने खिशातून एक बांगडी काढून बाबांपुढे ठेवली. काळ्या शिंगाची, वर पितळेची तार गुंडाळलेली. तार एका जागी झिजली होती.

“ही तिकडच्या पोत्यात निघाली होती. बी गोळा करताना कुणाच्या तरी हातातून पडली असणार. कुमुद म्हणाली, कुणीतरी शोधत असेल हो. मी म्हटलं, कुणीतरी म्हणजे कोण? तर ती पोत्यावरचं गावाचं नाव वाचायला लागली. तिला ते नीट म्हणताही येईना. आम्ही दोघं हसलो. मग वेगळ्या खिळ्यावर ती अडकवून म्हणाली, आपणच जाऊ या एकदा. मी म्हटलं, जाऊ.”

“शेड कुठे उभी राहिलीय?”

“त्याच गावाजवळ.”

बाबांनी बांगडी उचलली. तिच्या झिजलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

“तिथल्या बायका हाताला काय लावतात?”

“कुठल्या?”

“नव्या शेडमधल्या.”



“माहीत नाही.”

“बांगड्या उतरवतात?”

तो तळहातावरचा चिकाचा जुना काळा डाग अंगठ्याने चोळत राहिला...

“हात दे,” बाबा म्हणाले.

त्यांनी बांगडी त्याच्या हातात चढवायला घेतली. ती बोटांच्या सांध्यांवर अडली. दिगंबरने हात मागे ओढला.

“बाबा! मला बांगड्या भरता? गाव आधीच म्हणतंय, दिगूने हातपाय गाळले. आता हे बघायला मिळालं तर—”

“तुला कोण भरतंय? तू नुसता नेणारा.”

बाबांनी शेजारच्या दिव्यातलं तेल दोन बोटांवर घेतलं. त्याच्या हाताला चोळलं, सावकाश, एकेक सांधा, जसं कुणी दुसऱ्याला कामाला बसवण्याआधी चोळतं तसं. दिगंबरने मान फिरवली. त्याचे डोळे भरले होते.

बांगडी सांध्यांवरून सरकली आणि मनगटावर जाऊन थांबली.

दिगंबरने सदऱ्याची बाही खाली ओढली. अर्धी झाकली बांगडी, अर्धी दिसतच राहिली.

“चांगली की वाईट, ते तुम्ही सांगितलंच नाही, बाबा.”

“नाही सांगितलं,” बाबा म्हणाले. “आणि जिची ही बांगडी, तिला ती अजून मिळालेली नाही.”