खेमाची पायरी

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्याच्या पणज्यालाही दात फुटले नव्हते तेव्हा, आपला हा डोंगर नुसता उतार होता. पेरलेलं सगळं पावसात मातीसकट ओढ्याला जायचं आणि माणसं कंदमुळं खाऊन दिवस काढायची.

तेव्हा घाटाखालून खेमा पाथरवट आला. म्हणाला, "उताराला आडवे दगडाचे बांध, ताल घालून देतो, माती जाग्यावर ऱ्हाईल. सगळ्यात वरचं खाचर तेवढं माजं." जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या भिंती रचल्या होत्या, स्वतःच्या मातीत एकदा नाचणी पेरायची, एवढीच त्याची हाव. पाटलानं देवळात बेलभंडार उचलून शब्द दिला. सगळा गाव साक्षीला होता.

खेमा सात वर्षं राबला. चुना नाही, चिखल नाही. दगडावर दगड, डोंगराकडे जरासा कललेला, आणि प्रत्येक तालाला पाणी जायला एक तोंड. असं म्हणतात, तो हाक मारायचा आणि दगड आपणहून येऊन बसायचा. डोंगराला साठ पायऱ्या झाल्या. घराघरात भात शिजू लागला.

काम संपलं तसा खेमा बियाण्याची पुरचुंडी घेऊन वरच्या खाचरात गेला. तिथं पाटलाचा नांगर आधीच फिरत होता.

"डोंगर आमचा, माती आमची," पाटील म्हणाला. "तुजे काय ते दगड."

खेमानं जमलेल्या गावाकडे पाहिलं. बेलभंडाराला साक्षी असलेला एकही माणूस बोलला नाही. गरज सरो, वैद्य मरो. ते आपलेच वाडवडील, हे सांगताना मला आजही लाज वाटते.

"बरं," खेमा म्हणाला. "मग माजं मला नेऊ द्या."

तो घाट उतरू लागला आणि, असं म्हणतात, वरच्या तालाचे दगड शेरडांसारखे त्याच्या मागून निघाले. खालच्या तालांना त्यानं हात लावला नाही. त्यांच्यावर पोरंबाळं जगत होती.

तेव्हापासून वरचा ताल टिकत नाही. दर अक्षय तृतीयेला प्रत्येक घर अनवाणी एक दगड वर नेतं, पहिला पाटलांचा, आणि "खेमाबाबा, तुमची पायरी" म्हणून रचतं. आषाढात तो ताल पुन्हा कोसळतो. मागे जुनी बांधकामं मोजणारे लोक आले होते. ताल कुणी घातले, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी खेमाचंच नाव सांगितलं, पाटलांनीसुद्धा.

नारळ फोडतो, दगड वाहतो, नाव घेतो. सातबाऱ्यावर मात्र ते खाचर आजही पाटलांचंच आहे.